भोक

ऑक्टोबर सरता सरता रीगाच्या बागेत
इल्गोनिस पुतळ्यांना फळ्यांत बंद करतो.
थंडीनं दगड उकलतो, म्हणून.
कारंज्यापाशी बादली घेऊन उभी असलेली मुलगी
दरवर्षी सगळ्यात शेवटी.

"हिला आत श्वास कसा घेता येणार?"
हातमोज्यानं नाक पुसत एका पोरीनं विचारलं.
तो बोलला नाही. दातांत खिळे होते.
मग गिरमिट काढून
एक भोक पाडलं. नाकासमोर नाही,
डोळ्यांसमोर,
तळ्याच्या बाजूला.

एप्रिलात फळ्या निघाल्या.
दगडी डोळ्याखाली नाण्याएवढा काळा डाग.
अख्खा हिवाळा तेवढ्यातून आत आलेला.

नगरपालिकेच्या वहीत नोंद झाली:
नुकसान, एक.
इल्गोनिसनं खाली सही केली,
आणि गिरमिटाला तेल दिलं.