पत्ता सापडला नाही

नोव्हेंबर. यॉतेबोरीत साडेतीनलाच दिवे लागतात.
खालून वर आलेल्या टपालाच्या गठ्ठ्यात
एक मळकं पाकीट, माझ्याच अक्षरातलं.
चार वर्षांपूर्वी मीच टाकलं होतं ते,
नसलेल्या माणसाला.

तेव्हा आम्ही सरकारांची गुणवत्ता मोजत होतो.
पद्धत सोपी, हेनिंग म्हणायचे, आणि स्वस्त:
प्रत्येक देशाला दहा पत्रं.
खोटं नाव, खोटी गल्ली, खरं तिकीट.
किती परत येतात, किती दिवसांत, एवढंच बघायचं.
शितावरून भाताची परीक्षा.
सरकारी काम नि सहा महिने थांब म्हणतात,
आमची सबुरी नव्वद दिवसांची.
एक्क्याण्णवाव्या दिवशी आलेलं पत्र
न आलेलंच धरायचं.

मलावीसाठी मी आडनावांच्या यादीतून
फिरी उचललं, लिहायला छोटं म्हणून.
एम. फिरी आणि मंडळी,
४१७, जाकारंडा मार्ग, झोंबा.
‘मंडळी’ची मला त्या दुपारी गंमत वाटली होती.

दहापैकी शून्य.

आमच्या देशातली दहाच्या दहा परत आली,
अकरा दिवसांत,
प्रत्येकावर छापील पिवळी पट्टी.
ती कुणी चिकटवली, कळायला मार्ग नाही.
बहुधा यंत्रानं.

या पाकिटाची पाठ मात्र
शिसपेन्सिलीनं भरून गेलीय.

३ मार्च. जाकारंडा मार्ग नाही. झाडं आहेत,
जुन्या कचेरीपाशी. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं.
१९ मार्च. गावात फिरी पुष्कळ. शिंपी फिरी, नर्स फिरी,
दोघंही म्हणाले, माझं नाही.
शिंप्यानं नुसतं तिकीट मागितलं. दिलं नाही.
मे. बाजारात सुकी मासळी विकणारी एनिफा फिरी.
भाऊ मावूतो अठ्ठ्याऐंशी साली
जोहान्सबर्गच्या खाणीवर गेला, तो गेलाच.
म्हणाली, एम. म्हणजे तोच.
धंदा काढला असेल. मंडळी म्हणजे त्याची पोरंबाळं.
तो येईस्तोवर ठेवा.

मग वर्ष बदललंय, पेन्सिलही.
चिल्वा सरोवर आटलं. मासळी नाही.
एनिफा तरी दर शुक्रवारी येते.
नंतर नुसत्याच तारखा,
शुक्रवारांच्या, कडेकडेनं, बारीक होत गेलेल्या.

शेवटचं तिरपं, तिकिटाखाली:
या महिन्यात मी निवृत्त होतो.
माझ्या जागी माणूस मंजूर नाही. म्हणून परत.
विलंबाबद्दल क्षमा असावी.
लोंजेझो काचाले, कारकून.

डिंक जसाच्या तसा.
चार वर्षं एका कपाटात,
आणि कुणी फोडलं नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

हेनिंगनी चष्मा कपाळावर सरकवून
सगळं वाचलं, दोनदा.
खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.
मग म्हणाले, तूवा, बाकीची नऊ?
तेही खरंच.
नऊ तिकिटं सोलून कुणी विकली असतील,
नऊ पाकिटांवर उंदीर पोसले असतील.
किंवा अजून नऊ काचाले
नऊ कपाटांपाशी कुणाची तरी वाट बघत असतील.
आम्हाला माहीत नाही. मोजलेलं नाही.
निबंध तर केव्हाच छापून आला,
त्यातल्या तक्त्याखाली बारीक अक्षरात माझे आभार आहेत.

रात्री पाकीट मी फोडलं.
आत काय आहे ते मला ठाऊकच होतं,
कितीतरी पत्रांत तीच ओळ होती:
कृपया तातडीनं उत्तर द्यावं.

आता टेबलावर कोरा कागद आहे.
या खेपेला पत्ता खरा:
एनिफा फिरी, मासळीबाजार, झोंबा.
एवढंच लिहायचंय, की ते मावूतोचं नव्हतं,
ते कुणाचंच नव्हतं.
दोन तास झाले.
बाहेर शेवटची ट्राम वळली.
आज शुक्रवार.