पाचवी आडवी

मालीम जेटीवर बर्फाची लादी पन्नास किलोची.
माझ्या वहीत ती फक्त एक रेघ.
चार उभ्या, पाचवी आडवी,
की ट्रॉलर पुढे सरकतो.

पहाटे चारला बसते, दुपारी सुटते,
रात्री साडेआठला बेतीच्या खोलीत
लॅपटॉपमधले सर विचारतात,
"आवाज येतोय ना सगळ्यांना?"
येतोय, मी टाइप करते.
बोटं अजून गारठलेली, एक अक्षर दोनदा पडतं.

सर सरासरी शिकवतात, मग विचलन.
मी त्यांच्या आकड्यांच्या जागी बांगडे घालते:
सोमवारी चाळीस टोपल्या, मंगळवारी चार.
विचलन म्हणजे काय
हे मला सरांच्या आधी कळतं,
सूत्रात मात्र बसत नाही.

पात्रांव इनास म्हणाला,
"एकेचाळिसाव्या वर्षी पदवी!
मग काय बर्फ जास्त थंड होणार गो?"
आणि हसत हसत
परीक्षेपुरती ऑफिसची खोली दिली,
कारण बेतीला रेंज सारखी जाते.

नियम तीन: टेबल रिकामं. खोलीत कोणी नको.
नजर पडद्यावर.
दोन इशारे मिळतील, तिसऱ्याला पेपर रद्द.

पहिला इशारा कॉम्प्रेसरमुळे:
आवाज आढळला.
तो तर माझ्या लग्नाआधीपासून इथे घरघरतोय.

अकराव्या प्रश्नाला दार ढकलून बिस्वा आत.
ओडिशाचा पोरगा, नवा, घाईत.
मी मान न वळवता हात मागे नेला,
पाच बोटं.
पाच लाद्या घे आणि जा रे बाबा.
दुसरा इशारा:
अनोळखी हात आढळला.

यानंतर खिडकीबाहेर इंजिन वाजलं.
सेबीचा ट्रॉलर, कालपासून वाट पाहिलेला.
आवाज उंच, मोकळा.
भरलेली होडी अशी बोलत नाही.
सेबीच्या बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला,
तरी डोळे पडद्यावरच ठेवले.
सतराव्याचं उत्तर "ब" दिलं.
बरोबर की चूक, अजून माहीत नाही.

संध्याकाळी वही उघडली.
माझी सकाळची ओळ जिथे थांबली होती,
तिच्यापुढे कुणीतरी रेघा ओढलेल्या,
वाकड्या, पेन दाबून,
कागद फाटेल इतक्या.
बिस्वाला अक्षर येत नाही.

चार उभ्या.
पाचवी आडवी.