बत्तीस महिने

यंदाच्या हिवाळ्यात जमीन फुगली आणि आजीचा दगड कलंडला.
सरळ करता करता ओडवार म्हणाला,
अक्षरं पुसट झालीत, पुन्हा कोरायची तर आत्ताच सांग,
आकड्याचे पैसे अक्षराएवढेच.
साल तेवढं नीट बघून दे.

साल नीट बघायला म्हणून मी बसले.

चर्चच्या वहीत आजी अठराशे त्र्याऐंशीची.
तीन मार्च. पाद्री हागेरूपचा हात:
त्याचा एक सातासारखा, सात एकासारखा,
पण तीन मात्र ठसठशीत.
त्याच वहीत, मागे, मयतांच्या पानावर
तीच बेर्न्तिने, तेच आईबाप, तेच घर.
वय चौदा महिने. डांग्या खोकला.
आणि आणखी पुढे, बाविसाव्या वर्षी,
तिचंच लग्न.

मेलेल्या मुलीला सहा मुलं झाली.
चौथी माझी आई.

हागेरूपला दोष देऊ नये.
पाच बेटं, एक होडी, आणि वारा पडेस्तोवर
जिथं अडकला तिथंच त्याचं जेवण.
लोक जन्म-मरण साठवून ठेवायचे त्याच्यासाठी,
काठ्यांवर टांगलेल्या माशांसारखं.
त्याच्या मागून आलेल्यानं तरी काय वेगळं केलं?
आजोबा बुडाले ती तारीख आजोबांची नव्हेच,
पाद्र्याला कळलं त्या दिवसाची आहे.
वहीत ते एकोणीस दिवस जास्त जगले.
आजीचा भाऊ अंतोन तर मुलींच्या रकान्यात पडला,
लष्कराचं बोलावणं त्याला कधी आलंच नाही.
ती चूक मात्र सगळ्या घरानं जपली.

धाकटीचा पत्ता लागला तो पंचांगात,
पणजीच्या, पंच्याऐंशी सालच्या.
नोव्हेंबरच्या तीन तारखेपुढं पेन्सिलनं:
मुलगी. तपकिरी गाय आटली.
एवढंच.
नाव थोरलीचंच ठेवलं, रीतच होती तशी.
हागेरूपनं वही उघडली असेल, नाव दिसलं असेल,
पुन्हा कशाला लिहा, म्हणाला असेल.

सत्तरीचं पेन्शन आजीला बत्तीस महिने आधी सुरू झालं.
ती काही बोलली नाही. शिवणयंत्र आणलं.
कुणी दिलं, विचारलं तर म्हणायची, थोरलीनं.
आम्हाला वाटायचं, अमेरिकेत कुणी बहीण असेल.

मी बोटांवर मोजलं, मग कागदावर.
बत्तीसातले चौदा थोरलीचे.
उरलेले अठरा कुणाचे?
त्या अठरा महिन्यांत नाव होतं घरात
आणि ओ द्यायला कुणी नव्हतं.
पणजीनं ते दाताखाली धरून कॉड चिरले असतील,
जाळ्याच्या गाठी मारल्या असतील,
आणि एखाद्या संध्याकाळी, दार लावताना,
चुकून हाक मारलीही असेल.
याची नोंद कुठल्या रकान्यात?

ओडवारला फोन केला. सगळं सांगितलं.
मग पंच्याऐंशी कोरू ना, तो म्हणाला.
म्हटलं, नाही, त्र्याऐंशीच.
अगं, पण ते चूक आहे.
आहे चूक. तशीच राहू दे.
थोरलीला कुठं दगड नाही, ओडवार.
तो तीनचा आकडा तिचा,
त्याचे वेगळे पैसे लाव हवे तर.

पलीकडे थोडा वेळ नुसती छिन्नी ठेवल्याचा आवाज.
मग म्हणाला,
आकड्याचे पैसे अक्षराएवढेच,
कुणाचाही असो.