कानामागे

एकुआ अमिसाह आली तेव्हा रुमाल
गालाहनुवटीवर घट्ट धरला होता तिनं,
धुरवलेल्या मासळीचा वास येणारा.
"बहिणीच्या लग्नाला एकवीस दिवस उरलेत.
त्या यंत्रानं सगळं पुसून टाका."

रुमाल काढ, असं मी म्हटलं नाही.
आधी खिडकीचा पडदा ओढला; एल्मिनाच्या खाडीवरचं ऊन
दुपारी थेट आमच्या टेबलावर येऊन बसतं.
मग विचारलं, गोळ्या कुठल्या चालू?
मलम कुठलं? बाजारातलं ते
गोरं करणारं, बिननावाच्या डबीतलं?
ती गप्प.
मग पिशवीतून डबी निघाली.
झाकणावर एका गोऱ्यापान बाईचं हसू, कडेनं खरवडलेलं.

प्रकाश रंग हुडकत येतो, मी सांगू लागले,
आणि आपल्या कातडीत रंग काही थोडाथोडका नाही.
ती उजेड घटाघटा पिते.
पुळीसाठी सोडलेला किरण वाटेतच अडतो,
वरच्यावर तापतो,
पुळी गेली तरी तिच्या जागी
तिच्याहून मोठा काळा डाग.
आगीतून फुफाट्यात.
म्हणून आमचं यंत्र लांब लहरीचं, खोल उतरणारं,
म्हणून ही गार हवेची नळी,
म्हणून दोघींच्या डोळ्यांवर चष्मे,
आणि म्हणून आज फक्त कानामागे,
मसुराएवढ्या जागेवर,
एक ठिपका. मग चार आठवडे थांबायचं.

"चार आठवडे?"
रुमाल गळालाच तिचा.
"टाकोराडीच्या एका सलूनमध्ये एका बैठकीत करतात!"

माहीत आहे मला ते सलून.
डाव्या गालफडावर, बटेखाली, त्याची सही आहे माझ्या,
अकरा वर्षांपूर्वीची, चौकोनी,
यंत्राच्या तोंडाच्या मापाची.
तिथं कुणी काही विचारलं नव्हतं.
फक्त पैसे मोजून घेतले होते, दोनदा.

बट मी बाजूला केली नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.

दारात तिची आई उभी होती, हातात चपला.
म्हणाली, "मोठ्या जाळावर मासा धरला की
वर कोळसा, आत कच्चा.
सहा वर्षांची होतीस तेव्हा शिकवलं तुला.
तोंडापुरतं विसरलीस होय?"
मग मला, "ठिपका दिल्यावर ही भट्टीपाशी चालेल?"
नाही. आठवडाभर धग नको, ऊन नको,
पुढंही उन्हाचं मलम रोज, ढग असले तरी.
बाईनं बोटांवर काहीतरी मोजलं.
"बरं. भट्टी मी बघते.
तू सावलीत बसून गिऱ्हाइकांचे पैसे घे."

रबर ताणून सोडल्यासारखा आवाज झाला.
"एवढंच?"
आज एवढंच.
डबी मात्र मी ठेवून घेतली,
डॉक्टर क्वार्टींनी दुसरं मलम लिहून दिलं.

लग्न झालं. फोटोत पुळ्या आहेत,
आणि तीही आहे, पहिल्या रांगेत, बिनरुमालाची.

पाचव्या आठवड्यात तिचा कान मी हळूच दुमडला.
दिव्याखाली धरला. भिंग लावलं.
काही नव्हतं.
आमच्या धंद्यात याहून चांगली बातमी नसते.

"त्या दिवशी पंखा चालू होता," ती म्हणाली,
"तुमची बट उडत होती."

मी गार हवा सुरू केली.
चष्मा तिच्या डोळ्यांवर बसवला, पट्टा मागं घेतला
कानावरून,
त्या काहीच नसलेल्या जागेवरून.