दुसरी किल्ली

पहिल्यांदा गेले तेव्हा फॉर्म सायक्लोस्टाइलचा होता.
एप्रिल, दुपारचे तीन, सोलापूर, विडी घरकुल.
पत्र्याखाली राजव्वा म्याकल
तेंदूच्या पानावरून कात्री फिरवत होती.
"हजार झाल्याबिगर मान वर करत न्हाई.
इचारा काय ते."

वय. शिक्षण. घरात किती जण.
नाडी, वजन, खोकला किती दिवसांचा.
लहानपणी कुणी जवळ घ्यायचं का?
"जवळ? आईचे हात विड्यात.
तिच्या गुडघ्याला टेकून झोपायचो की."
चौकटी दोनच होत्या. मी 'नाही'वर खूण केली.
तीस वर्षं झाली,
तो गुडघा अजून माझ्याकडे बाकी आहे.

शेवटचा प्रश्न एकेचाळिसावा,
पान रिकामं दिसतंय म्हणून सरांनी टाकलेला:
घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते?

नरसय्या बोल्ली हसला होता.
मागानं कान गेलेले, म्हणून मोठ्यानं हसायचा.
"दाराला कुलूपच न्हाई ओ म्याडम!"
दर पाच वर्षांनी मी जायची.
कुलूप आलं. बायको गेली.
दोन्ही किल्ल्या करदोट्याला, एकाच गाठीत.
पाचव्या फेरीला दार बंद,
आणि शेजारचा पोरगा म्हणाला,
तिसऱ्या दिवशी कळलं.
त्या फॉर्मवर मी तारीख तेवढी घातली.

पुण्याहून सरांचा फोन आला,
आवाज जरा चोरट्यासारखा.
पगार, शिक्षण, रक्तातली चरबी,
सगळं मशीनमध्ये घालून पाहिलं म्हणे,
आणि म्हातारपणी कोण धड राहतं ते
त्या भरतीच्या प्रश्नानं आधी सांगितलं.
"आपण पैज चरबीवर लावली होती," सर म्हणाले.

पण सर, राजव्वाचं काय लिहू?
तिची किल्ली भिंतीपलीकडे, महबूबबीकडे.
नळाच्या पाण्यावरून दोघी अकरा वर्षं बोलत नाहीत.
"मग किल्ली परत नाही घेतली?"
तिनं माझ्याकडं असं पाहिलं
की शाळेत मीच गेले नव्हते.
"भांडान तोंडाचं हाय.
किल्ली कशाला घिऊ?"

यंदा टॅबलेट घेऊन गेले.
राजव्वाची बोटं आता पानावर वळत नाहीत,
सूप मांडीवर असतं नुसतं, सवयीनं.
एकेचाळिसावा विचारला.
तिनं भिंतीकडं हनुवटी केली, मग म्हणाली,
"अन् तुमची ओ?"

जुळे सोलापूर, तिसरा मजला.
दोन्ही किल्ल्या एकाच कडीत,
सिद्धेश्वराच्या पितळी बिल्ल्याशेजारी.
मी पर्स घट्ट धरली, उगाच.
"हितं आणून द्या म्हणत न्हाई मी,
लांब पडतंय तुमाला.
शेजारी कोन हाय, त्याचं नाव तरी ठावं हाय का?"

ठाऊक होतं. चार वर्षं वाचत होते,
समोरच्या दारावर, कोंगारी.
त्यांच्या घरी संध्याकाळी शेंगा भाजतात,
वास जिन्यापर्यंत येतो.

त्या दिवशी बेल दाबली नाही मी.
जिन्यात दिव्याखाली उभी राहिले,
आणि कडीतून एक किल्ली काढायला गेले तर
निघेना,
नख तुटलं.