सोळा इंच

ब्रँटली म्हणतो, बाई, पत्रा तर बघा, आरसा आहे आरसा.
मी आधी गुडघ्यांवर बसते, मग पाठीवर आडवी होते
आणि सरकत जाते ट्रेलरच्या पोटाखाली.
दक्षिण जॉर्जियाची वाळू मानेत शिरते,
चिलटं डोळ्यांत.
आरसाच बघायचा असता तर घरी थांबले असते.

अकरा वर्षं याच गावात, रेल्वेफाटकापलीकडच्या कारखान्यात
हेच डबे उभे केलेत मी.
बावीस मिनिटांत एक भिंत.
शुक्रवारी दुपारी, अठरा.
चौकटीवर आतून खडूनं वार लिहिलेला असतो.
शुक्रवारचा माल मी घेत नाही.

पहिला बेचाळीसशे डॉलर. दारावर चंदेरी अक्षरं: प्लॅटिनम.
बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत जाते,
पोकळ, पोकळ, पोकळ, मग एकदाचं हाड.
चोवीस इंचांवर.
नाव प्लॅटिनम, हाती कथलाचा वाळा.

दुसऱ्यात आत शिरते, म्हणते, दार लाव.
बाहेरून?
बाहेरून.
काळोख झाला की भोकं बोलायला लागतात.
एक कोपऱ्यात, दोन छताच्या सांध्यात,
तीन बारीक चांदण्या.
चांदण्या मला छतावर आवडतात, छतात नाही.

गेल्या ऑक्टोबरात क्वार्टरमनबाईंच्या अकरा खुर्च्या
मोरपंखी मखमल, पाच आठवड्यांचं काम,
उसन्या ट्रेलरमधून व्हॅल्डोस्टाला नेल्या.
वाटेत पाऊस. असाच एक सांधा.
बाई काहीच बोलल्या नाहीत,
फक्त एका खुर्चीवर तळवा दाबला आणि पाणी वर आलं.

तर, पंचेचाळीसशे आहेत माझ्याकडे.
त्यातच कर, कागदपत्रं, आणि सुटं चाक.
एवढ्यात हाडं मिळत नाहीत, ब्रँटली म्हणतो.
एवढ्यात कातडी मिळते.
पोरगं खोटं बोलत नाही. मलाही माहीत आहे भाव.

मग कुंपणाजवळ, पेकानच्या झाडाखाली तो दिसतो.
गुलाबी.
म्हणजे खोकल्याच्या औषधासारखा गुलाबी.
कुणी बर्फाचे गोळे विकणार होतं, आगाऊ रक्कम भरून गायब झालं.
सात महिने झाले. छतावर पानं कुजली आहेत.
वाजवते: हाड, पोकळ, हाड, पोकळ, हाड.
टेप लावते. सोळा. पुन्हा लावते. सोळा.
दार लावून घेते: निव्वळ काळोख.

खाली सरकते तेव्हा जोड दिसतात,
मण्यांची ओळ, आणि प्रत्येक मणी
किंचित डावीकडे कललेला.
हॉलिस पर्डम.
अख्ख्या कारखान्यात तो एकटा डावखुरा.
खिशात उकडलेल्या शेंगा, तोंडात शब्द नाही.
त्याच्या टेबलाशी साखळी तुंबायची,
आमचा बोनस बुडायचा.
एका मार्चमध्ये आम्ही तक्रार लिहिली:
हा माणूस वेळ खातो.
खाली चौदा सह्या.
सहावी माझी.

वाळूत पडल्यापडल्या
मी बोट फिरवते त्या जोडावरून.
एकही फट नाही.
वर ब्रँटलीचे बूट उभे आहेत, विचारतात,
बाई, काही खोट सापडली का?

सापडली, मी म्हणते. रंग.
आणि घासाघीस सुरू करते.
चव्वेचाळीसशेवर तो मान हलवतो,
सुटं चाक फुकट.

संध्याकाळी शेजारच्या एल्डाला बागेचा पाइप देते,
म्हणते, छतावर धर, वीस मिनिटं, थांबू नकोस.
आत मी, एक जुनी खुर्ची, बंद दार.
वरून पाणी कोसळतंय.
पेट्रोल पंपावर एका पोरानं विचारलं होतं,
गोळा केवढ्याला?

बाहेरून एल्डा ओरडते, झालं का?
थांब, मी म्हणते. अजून थोडं.
तळवा खुर्चीवर दाबून बसते.
कोरडा.