घट

अकोल्याहून शनिवारी चौघं येताय,
आणि तू विचारतोस, मामा, मुंबईत चांगली बिअर कुठे प्यायची?
बरोबर माणसाला विचारलंस, ओजस. चुकीच्याही.
एकतीस वर्षं मी उत्पादन शुल्क खात्यात.
टाकीत मोजपट्टी सोडली, वर काढली,
ओल कुठवर चढली ते बघून आकडा लिहिला.
प्यायलो नाही.

तरी सांगतो.
साकीनाक्याच्या पलीकडे एक औद्योगिक वसाहत आहे,
खाली बेअरिंगचं वर्कशॉप, वर छत्र्यांच्या काड्या,
मधल्या मजल्यावर सहा टाक्या.
लिफ्टमध्ये आधी पोती जातात, मग माणसं.
गव्हाची बिअर मागवा. ढगाळ असते,
धणे घालतात तिच्यात, संत्र्याची साल.
लगेच तोंडाला लावू नका.
खालची लेथ सुरू झाली की फेस थरथरतो,
तेवढं बघा.

लोअर परळला काचा फार.
जायचंच तर दुपारी जा, गाणी लागायच्या आत,
तेव्हा तिथला ब्रूअर गमबूट घालून नळ्या धूत असतो.
कडवटपणा कुठून येतो, एवढंच त्याला विचारा.
इतिहास विचारू नका, संध्याकाळ होईल.

वांद्र्याच्या गावठाणात, क्रूसामागे, पास्कू परेरा.
कोकम घालून आंबट बिअर करतो, जांभळट.
त्याचा अर्ज मी तीनदा परत पाठवला, कागद अपुरे.
चौथ्यांदा तो कागदांबरोबर सुके बोंबील घेऊन आला.
बोंबील परत केले. कागद घेतले.
वासाची ती फाईल अजून कपाटात असेल.

आणि तुम्ही झोपलेले असाल तेव्हा, पहाटे,
रामसमुझचा टेम्पो मागच्या दाराशी लागतो.
उकडून रस काढलेल्या सातूचा चोथा, वाफाळता,
पिंपात भरून जोगेश्वरीच्या तबेल्यात जातो.
त्याच म्हशींचं दूध आमच्या इमारतीत यायचं.
म्हणजे तुझी मामी रोज सकाळी चहातून, थेंबथेंब,
परवान्याशिवाय.
तिला सांगितलं तेव्हा हसता हसता ठसका लागला होता.

आमच्या नोंदवहीत एक रकाना असतो: घट.
या टाकीतून त्या टाकीत जाताना सांडतं ते,
तळाशी गाळात बसतं ते, फेसाबरोबर उडतं ते.
ठरावीक टक्क्यांपर्यंत मंजूर.
त्याहून जास्त गेलं तर खुलासा मागतात.

मामी दर अश्विनात दुसरा घट मांडायची.
काळी माती, सात धान्यं, त्यात सातूही,
वरून पाणी शिंपडायचं, नऊ दिवसांत पिवळे कोंब.
मी देवासमोर उभा राहून मनात म्हणायचो,
हे तर माल्टच.
तो करणारा माणूस कोंब फुटता फुटता थांबतो,
भट्टीत वाळवतो. ही थांबत नसे.
दसऱ्याला तोच तुरा माझ्या टोपीत.

शेवटची तपासणी पवईला होती, रेवा साखळकरकडे.
माप झालं, वही मिटली.
ती म्हणाली, साहेब, पट्टी धुऊन ठेवा आता,
आणि नळाखाली पेला धरला.
उलट्या क्रेटवर बसून प्यायलो.
आधी कडू. मग भाकरीचा पापुद्रा, जरासा करपलेला.
मग आणखी काहीतरी, ज्याला खात्यात शब्द नाही.
मी म्हटलं, आकडा जुळणार नाही.
तिने वही ओढली, रकान्यात लिहिलं:
घट, एक पेला.
मी सही केली. तारीख घालायला विसरलो.

नावं मुद्दाम देत नाही.
दोन वर्षांत भाडं वाढतं, पाटी बदलते,
टाक्या कुणीतरी पुण्याला विकत घेतं.
ज्या गल्लीत गटाराला ओल्या पावाचा वास येईल
तिथे मान वर करा, जिना असेल.
चौघांचे परवाने आधी काढा, कुणी विचारत नाही तरी.
गाडी घरी ठेवा.
काही खाऊन जा.

आणि शनिवारी मी मोकळाच असतो.
लहान पेला चालेल.